अडवलेल्या खाटा

"आपल्या तिघांपुरत्या पथाऱ्या टाकून ठेवा म्हणजे झालं. सूनबाई काय, परवाच तर आलीय."

हे सासूने सासऱ्याला सांगितले होते. आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसलेल्या सुनेसाठी ते नव्हते. सुनेने ते ऐकले, एक खडा वेचून बाजूला टाकला आणि निवडणे चालू ठेवले.

शूर्पारक बंदरावर एक वृद्ध राजा राज्य करीत होता, त्या काळातली ही गोष्ट. त्या जन्मी बोधिसत्त्व एका कांबळेविक्याचा मुलगा म्हणून जन्मला होता आणि वडिलांच्या दुकानात बसत होता. ही सून, नागसिरी, त्याची बायको. लग्नाला दोन महिने झाले होते. एवढ्या दिवसांत ती त्या घरात दहा वाक्येही बोलली नसेल, आणि त्यातली सहा नुसतीच "हो" अशी होती.

तिच्या लग्नाच्या मांडवाचे बांबू परत जायच्या आतच बंदरात एक गलबत लागले होते आणि त्यातून तापाची साथ उतरली होती. काहींनी गलबताला दोष दिला, काहींनी नव्या सुनेच्या पावलाला. गलबत निघून गेले होते आणि सून घरातच होती, त्यामुळे बोलायला ती सोपी पडली.

राजाने बंदर बंद केले आणि त्याच्या मागोमाग गाव बंद झाले. हमालांना ओझे मिळेना. खानावळवालीने आठ चुलींपैकी सात विझवल्या. न्हाव्यापुढे कोणी हनुवटी करेना. माळ्याने चार दिवस फुले आणून पाहिली, पाचव्या दिवशी ताटवे उपटून भाजी लावली. घरोघर आधी साठवणीचे धान्य संपले, मग पैंजण गेले, मग तांब्याची भांडी गेली. लोक मडक्यात शिजवू लागले आणि मडक्यातली चव बरी लागते असे एकमेकांना सांगू लागले. कापूरवाल्यांचे आणि ज्योतिष्यांचे तेवढे बरे चालले होते.

बोधिसत्त्वाच्या दुकानात कांबळी आढ्यापर्यंत रचलेली होती. ती घेणारे खलाशी. खलाशीच नाहीत म्हटल्यावर ती कसरीने खावीत एवढेच उरले होते.

आता शूर्पारक हे वाटसरूंचे गाव. तिथे एक दंडक होता. धर्मशाळेत ज्याने पथारी टाकली, ती जागा त्याची. तो आठ दिवस बाहेर गेला तरी त्याची पथारी कोणी हलवायची नाही. चोरसुद्धा हा दंडक पाळीत. दूरदेशीचे लोक त्याची वाखाणणी करीत आणि गावाला त्याचा अभिमान वाटे.

गावाच्या पूर्वेला राजाने बांधलेली आरोग्यशाळा होती. चाळीस खाटा, आणि पुनर्दत्त नावाचा एक वैद्य. साथ वाढू लागली तेव्हा तेलाच्या एका व्यापाऱ्याने, घरात सगळे धडधाकट असताना, एक कांबळे पाठवून तिथल्या खाटेवर अंथरायला लावले. उद्या लागली तर असावी. शेजारच्या सोनाराला हे कळले, त्याने चार पाठवली. सोनाराचे कळल्यावर बाकीच्यांना वेळ लागला नाही.

अशी कांबळी विकली जाऊ लागली. शिवाय तापाच्या माणसाचे अंथरूण नंतर जाळायचे असा वैद्याचा नियम होता, म्हणून लोक जादाचीही घेऊन ठेवू लागले. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा. सासऱ्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

"गिऱ्हाईक भाव विचारत नाही आणि काठही बघत नाही," तो मुलाला म्हणाला. "असं गिऱ्हाईक माझ्या बापानंसुद्धा पाहिलं नाही."

त्याच दिवशी सासू ते वाक्य बोलली. दुकानातली कांबळी विकायची असतात, म्हणून घरच्या पथाऱ्यांसाठी नागसिरीच्या माहेरच्या गाठोड्यातली तीन काढायची ठरली. तिला विचारायचे कोणाला सुचले नाही. गाठोड्याची गाठ सुटेना, तेव्हा मात्र तिला हाक मारली.

ती तीन कांबळी खांद्यावर टाकून बोधिसत्त्व आरोग्यशाळेकडे निघाला. सासूने नागसिरीच्या डोक्यावर पेजेचे मडके दिले. आजाऱ्यांना पेज वाढली की पुण्य लागते, आणि सासूला ते घरबसल्या हवे होते.

आरोग्यशाळेच्या दारात पुनर्दत्त उभा होता. तो तीन दिवस झोपला नव्हता आणि तसे न दाखवण्याचे कष्टही आता घेत नव्हता.

"आणखी तीन का?" तो म्हणाला. "घाला. माझे सदतीस रोगी असे आहेत की खोकत नाहीत, पाणी मागत नाहीत आणि मरतही नाहीत. आता चाळीस होतील."

आत खाटांच्या दोन रांगा होत्या. एकेका खाटेवर एकेक कांबळे, सुरकुती न पाडता अंथरलेले. त्यांवर कोणी नव्हते. माणसे खाली होती, खाटांच्या मधल्या फरशीवर, एकमेकांना लागून. मासळी वाळवणारी एक बाई खाटेच्या पायाला टेकून कुडकुडत होती. वरच्या कांबळ्याचे टोक तिच्या खांद्यावर लोंबत होते. ते तिने दोन बोटांत धरले होते. ओढले नव्हते. पथारी दुसऱ्याची होती.

बोधिसत्त्वाने ते टोक पाहिले. ते कांबळे त्याच्या ओळखीचे होते. मग त्याने दोन्ही रांगांवरून नजर फिरवली. सगळीच ओळखीची होती.

"ही उचलून ठेवत का नाही?" त्याने विचारले.

"माझ्या मदतनिसानं एक उचललं. मालकाची माणसं आली आणि त्याला बदडून गेली. तो बघा, भिंतीकडून तिसरा. पंचांनी दोष त्यालाच दिला."

बोधिसत्त्व बराच वेळ उकिडवा बसून राहिला. दंडक मोडावा तर इथेच मारामारी होणार आणि आजारी माणसे पायाखाली येणार. पाळावा तर ती अशीच पडणार. शेवटी तो उठला. त्याने आपली तीन कांबळी उरलेल्या तीन खाटांवर घातली.

"वैद्यबुवा, ही माझी. माझ्या पथारीवर कोणी निजावं हे मी सांगितलं तर चालेल?"

"त्याबद्दल दंडकात काही नाही," पुनर्दत्त सावकाश म्हणाला.

"मग या बाई. आणि ते दोघे हमाल."

मासळीवालीने आधी काठाला हात लावून पाहिला. "आणि मालक आले की?"

"मग उठावं लागेल."

"उठेन," ती म्हणाली, आणि निजली.

दुसऱ्या दिवसापासून बोधिसत्त्व घरोघर फिरला. खाट सोडा असे तो कोणालाच म्हणाला नाही. तो म्हणे, "पथारी तुमचीच. तुम्ही येईपर्यंत आजाऱ्याला निजू द्या. तुम्ही आलात की तो उठेल, ते कांबळं जाळू, आणि माझ्या दुकानातलं कोरं तुम्हाला मिळेल. आजच तुमच्या नावानं बाजूला काढतो. पैसे नकोत."

"आणि आयत्या वेळी नाही म्हणालास तर?" तेलाच्या व्यापाऱ्याने विचारले.

"खूण घालून ठेवतो. येऊन बघून जा."

सोनाराची बायको आतून म्हणाली, "नवं फुकट मिळतंय, तर तुम्हाला विचार कसला पडलाय?"

लोकांनी मानले ते बहुतेक याच कारणासाठी. कारण काही का असेना, खाटांवर माणसे निजू लागली. तापलेल्या अंगाला खालची दोरी बरी वाटते, ती का मिळाली हे ते विचारत नाही.

कोऱ्या कांबळ्यांच्या कोपऱ्यांवर नागसिरी खुणा शिवी. तेलवाल्यासाठी घाणा, सोनारासाठी हातोडी, सावकारासाठी एक टपोरा रुपेरी टाका. दुकानात उरलेली जवळजवळ सगळी कांबळी त्यात गेली, आणि तीही भाव सगळ्यांत चढलेला असताना.

सासऱ्याला हे कळले तेव्हा त्याने ताट सारले.

"दुकान आहे का सदावर्त? सहा आठवडे माशा मारल्या, आता चार पैसे यायला लागले तर हा मालाला खुणा घालत बसलाय."

"बाबा, त्या खाटा आपल्याच कांबळ्यांखाली गेल्या होत्या," बोधिसत्त्व म्हणाला. "मोकळ्या करायला कांबळीच लागणार."

"आणि माझ्या पथारीवर कोण निजलंय?" सासूने विचारले.

"मासळी वाळवणारी एक बाई आहे."

सासूने डोळे मिटून घेतले. "मग तो वास आता जन्मात जायचा नाही."

त्यानंतर घरात दोन्ही वेळा पेज होऊ लागली. सासरा भरल्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना परत पाठवी. "नाही" म्हणताना त्याचा चेहरा दाढ ठणकत असल्यासारखा होई. तरी त्याने खूण घातलेले एकही कांबळे विकले नाही, हे सांगितले पाहिजे. शब्द मुलाने दिला असला तरी पाटीवर नाव त्याचे होते.

सगळे सुरळीत झाले असेही नाही. सोनार तापाने फणफणत आला तेव्हा त्याच्या खाटेवरचा म्हातारा नावाडी उठून फरशीवर गेला, आणि दुसऱ्या दिवशी वारला. असे आणखी दोनदा झाले. बोधिसत्त्वाने काढलेली वाट चांगली होती, पण तिने खाटा वाढवल्या नव्हत्या. चाळीस होत्या, त्या चाळीसच राहिल्या.

आणि मग एका दुपारी सासू पाणी भरता भरता खाली बसली. अंगाला हात लावला तर चटका बसत होता.

बोधिसत्त्वाने आईला पाठीवर घेतले. सासरा पुढे, नागसिरी राखून ठेवलेले कोरे कांबळे घेऊन मागे. आरोग्यशाळेत एकही खाट रिकामी नव्हती. मासळीवालीने त्यांना दारातच पाहिले. तिचा ताप अजून उतरला नव्हता. तिने खाटेच्या काठाला धरून एक पाय खाली टाकला, मग दुसरा शोधू लागली.

"उठतेय ती," सासरा हळूच म्हणाला. "थांबा जरा, उठतेय."

अशा वेळी बोलणे पुनर्दत्ताने केव्हाच सोडले होते. बोधिसत्त्वाच्या पाठीवर आईचे ओझे होते आणि तिचे कढत कपाळ त्याच्या मानेला लागत होते. परक्यांना कांबळी देणे त्याला जमले होते. त्या बाईला "निजा" म्हणणे म्हणजे आईला फरशी देणे, आणि तो शब्द त्याच्या तोंडून फुटेना. जातक सांगणारे ही जागा गाळतात, पण ती गाळू नये. या ठिकाणी बोधिसत्त्व गप्प राहिला.

बोलली ती नागसिरी. ती काय म्हणाली ते पुढे येईलच. ते ऐकल्यावर बोधिसत्त्व खाली वाकला आणि त्याने आईला फरशीवर, कोऱ्या कांबळ्यात निजवले. मासळीवाली खाटेवरच राहिली.

दोघीही वाचल्या. सासू अकरा दिवस फरशीवर होती आणि बाराव्या दिवशी चालत घरी आली. गार फरशीने तिचे गुडघे धरले ते कायमचे, आणि त्याबद्दल ती पुढे जन्मभर बोलत राहिली. साथ ओसरली, बंदर उघडले. राखून ठेवलेली निम्मी कांबळी न्यायला कोणी आलेच नाही, आणि तोवर त्यांना भावही उरला नव्हता. दुकान चालले, पण पुन्हा पहिल्यासारखे झाले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, अशाच एका साथीच्या वर्षी, एका व्यापारी उपासकाच्या ओसरीवर बसून सांगितली. त्या घरची माणसे नुकतीच आजारातून उठली होती आणि दुकानाची एकच फळी उघडी होती. कथा संपवून त्यांनी मागच्या जन्माची या जन्माशी जोड घातली.

"गृहपती, त्या वेळचा सासरा तो आज तू आहेस, आणि सासू ती तुझी ही गृहिणी. मासळीवाली आज भिक्षुणीसंघात आहे. पुनर्दत्त वैद्य म्हणजे आजारी भिक्षूंची सेवा करणारे हे वृद्ध भिक्षू, यांना अजूनही पुरती झोप मिळत नाही. कांबळेविक्याचा मुलगा मीच होतो. आणि नागसिरी म्हणजे तुमची नवी सून, मघापासून दाराआड उभी आहे ती. त्या जन्मी मी दानपारमिता पुरी केली असे म्हणतात. अर्धी मी केली. उरलेली अर्धी तिची."

गृहपतीने विचारले, "भंते, ती त्या दिवशी काय म्हणाली?"

शास्ते म्हणाले, "आधी तिने मासळीवालीचे दोन्ही पाय उचलून परत खाटेवर ठेवले. मग सासू, सासरा आणि नवरा, तिघांकडे वळून ती म्हणाली,

'मामंजी, आत्याबाईंना इकडे आणा. खाली त्या खांबाशी जागा आहे, तिथं वारा लागत नाही. मी माझ्यासाठी बघून ठेवली होती.'"