सरपंचांच्या फोटोमागची भिंत

हेमांगीचा फोटो स्टुडिओ ग्रामपंचायतीच्या गाळ्यात होता, आणि सरपंच तात्यासाहेबांना तो गाळा भाच्यासाठी हवा होता. एक दिवस ते स्टुडिओत येऊन बसले.

"पोरी, ग्रामसभेत माझा फोटो लागणार. मागे जुन्या राजवाड्यासारखी भिंत पाहिजे. पण भिंत मीच बांधलेली हवी, आणि कॉम्प्युटरवर एक खोटी रेघ ओढायची नाही. नाही जमलं, तर गाळ्याची किल्ली आणून द्यायची."

तात्यांची सगळी बांधकामं गेल्या वर्षीची. त्यांत राजवाड्याचं जुनेपण आणायचं कुठून? हेमांगी कॅमेरा घेऊन गावभर हिंडली. एका भिंतीचा तिने जवळून फोटो काढला आणि सॉफ्टवेअरमध्ये तो तात्यांच्या फोटोमागे बसवून कडा तेवढ्या मिसळल्या.

ग्रामसभेत पडदा सरकला. तात्यांमागे भेगांची नक्षी, सुटलेले पोपडे, ओलीचे हिरवट डाग. लोक बघतच राहिले.

"दिसतंय झकास," तात्या गुरकावले, "पण माझ्या कामाला एवढ्या भेगा? खोट्या काढल्यास तू. ठेव किल्ली!"

हेमांगीने किल्ली टेबलावर ठेवली. "तात्या, ही समोरच्या शाळेची भिंत आहे, तिसरीच्या वर्गाची. भेगा खोट्या निघाल्या, तर किल्ली तुमची. चला, सगळेच बघून येऊ."

सगळी सभा उठून उभी राहिली. तात्या मात्र खुर्चीतून हलेनात.

"बघायचं काय त्यात?" ते घाईने म्हणाले. "फोटो खराच आहे."

"मग उद्यापासून पोरं देवळात बसवा," किल्ली उचलत हेमांगी म्हणाली, "आणि गवंडी बोलवा."