टिल्लूची लाल कडी

एक होती काळोखी खोली. बाहेर लख्ख ऊन, आत काळोख. दिवा एकच, लाल लाल. तिथे इंदुमावशी फोटो धुवायची. आणि तिथेच, खोक्यामागे, टिल्लू उंदीर राहायचा. टिल्लू आणि टिल्लूची आई.

एकदा इंदुमावशीने टिल्लूचा फोटो काढला. फिल्मवर तो उमटला तिळाएवढा. टिल्लूने तो आईला दाखवला. आईचे डोळे अधू. तिने विचारलं, "हा तीळ आहे का रे?"

टिल्लू हिरमुसला. मावशी म्हणाली, थांब, मोठा करते. तिच्याकडे एक उंच, जुनं मशीन होतं. बारीक फोटोचा मोठा फोटो करणारं. मशीनला एक भिंग. भिंग धरायला एक कडी.

मावशीने मशीन खाली ओढलं. तर काय झालं? कडी सुटली. टण्ण. गड गड गड गड. गेली मोरीत. गुडुप.

भिंग लागलं डुगडुगायला. मावशी म्हणाली, "असली कडी आता कुणी करत नाही. दुसऱ्या जुन्या मशीनचीच बसेल. घड्याळवाल्या अप्पांकडे आहे तसलं मशीन."

पण मावशी जाणार कशी? फोटोचे कागद उघडे होते. दार उघडलं की उजेड येतो, कागद काळे पडतात. मग टिल्लूच निघाला. काळ्या पडद्याखालून, दाराखालच्या फटीतून, सुळकन.

तुरु तुरु तुरु तुरु.

"अप्पा, अप्पा, कडी द्या.
कडी नाही, तर फोटो नाही.
फोटो नाही, तर आईला मी दिसत नाही."

अप्पांनी विचारलं, कसली कडी? टिल्लू म्हणाला, मावशीच्या फोटोच्या मशीनची, लाल. अप्पांनी डोकं खाजवलं. "कडी आहे खणात. पण माझ्या चष्म्याची दांडी निखळलीये. चष्मा नाही, तर कडी नाही."

टिल्लू गोंधळला. भिंगाला हवी कडी. मग चष्मा कशाला? पण चष्मा ओढत गेला बिचारा.

तुरु तुरु तुरु तुरु.

"नूरचाची, नूरचाची, चष्मा जोडा.
चष्मा नाही, तर कडी नाही.
कडी नाही, तर फोटो नाही.
फोटो नाही, तर आईला मी दिसत नाही."

नूरचाची चष्मे विकायची. ती म्हणाली, "जोडीन की. पण माझा पेचकस नेलाय रेडिओवाल्या सदूमामांनी. पेचकस नाही, तर चष्मा नाही."

टिल्लू आणखी गोंधळला. पेचकस म्हणजे काय, ते काही त्याला ठाऊक नव्हतं. विचारायचंही राहून गेलं.

तुरु तुरु तुरु तुरु.

"सदूमामा, सदूमामा, पेचकस द्या.
पेचकस नाही, तर चष्मा नाही.
चष्मा नाही, तर कडी नाही.
कडी नाही, तर फोटो नाही.
फोटो नाही, तर आईला मी दिसत नाही."

सदूमामांचा रेडिओ करत होता कुर्र कुर्र. आत एक मुंगळा बसला होता, ऐसपैस. मामा म्हणाले, "त्याला आधी बाहेर काढ. मुंगळा निघत नाही, तर पेचकस नाही."

टिल्लूने रेडिओत नाक घातलं.

"मुंगळेदादा, मुंगळेदादा, बाहेर या.
मुंगळा निघत नाही, तर पेचकस नाही.
पेचकस नाही, तर चष्मा नाही.
चष्मा नाही, तर कडी नाही.
कडी नाही, तर फोटो नाही.
फोटो नाही, तर आईला मी दिसत नाही."

मुंगळा म्हणाला, "गूळ आण. गूळ नाही, तर मुंगळा निघत नाही."

टिल्लूचं डोकं गरगरलं. गूळ? फोटोला गूळ लावतात?

तुरु तुरु तुरु तुरु. गेला चहावाल्या ठकूकाकूकडे.

"ठकूकाकू, ठकूकाकू, गूळ द्या.
गूळ नाही, तर मुंगळा निघत नाही.
मुंगळा निघत नाही, तर पेचकस नाही.
पेचकस नाही, तर चष्मा नाही.
चष्मा नाही, तर कडी नाही.
कडी नाही, तर फोटो नाही.
फोटो नाही, तर आईला मी दिसत नाही."

ठकूकाकू म्हणाली, "माझी गाळणी पडलीये फळीमागे. हात पोचत नाही. गाळणी नाही, तर गूळ नाही."

टिल्लू दमला होता. त्याने विचारलं, आता कुणाकडे जाऊ?

"कुणाकडे कशाला? तू एवढासा. तूच जा की फळीमागे."

टिल्लू गेला. सुळकन. गाळणी घेऊन आला.

मग काय. काकूने गूळ दिला. मुंगळा निघाला, टुकू टुकू. रेडिओ वाजला. मामांनी पेचकस दिला. चाचीने त्याने स्क्रू पिळून दांडी बसवली. अप्पांनी चष्मा घातला, खण उघडला, कडी काढली.

कडी पिवळी. चांगली पितळेची, पिवळीधमक.

टिल्लूच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं फिरून ही भलतीच कडी. "आमची लाल होती," तो म्हणाला. अप्पा म्हणाले, "त्या मशीनला हीच बसते. नेऊन तर बघ."

टिल्लू कडी ढकलत निघाला. गड गड गड. दाराखालून आत आला.

कडी लाल.

टिल्लू चक्रावला. कडी बाहेर नेली. पिवळी. आत आणली. लाल. बाहेर, पिवळी. आत, लाल.

मावशी हसली. "अरे, या दिव्यात सगळंच लाल दिसतं. आण इकडे."

तिने कडी लावली. खट्. बसली.

मशीनमध्ये फिल्म घातली, खाली कागद ठेवला, मशीनचा दिवा जरासा लावला. मग कागद औषधाच्या पाण्यात सोडला. डुबुक डुबुक. आधी आले कान. मग आलं नाक. मग आल्या मिशा. अख्खा टिल्लू आला, ताटाएवढा.

फोटो वाळला. टिल्लूने आईला धरून उन्हात आणलं. आईने फोटो बघितला. खूप वेळ बघितला.

"टिल्लू," ती म्हणाली, "तुझ्या कानावर पांढरा ठिपका आहे?"

टिल्लूलाही ठाऊक नव्हतं. तो आपला कान बघायला गोल गोल फिरला. आईने त्याला थांबवलं, जवळ ओढलं आणि त्या ठिपक्याचा पापा घेतला.