बापाचे दुधाचे दात

कृषी महाविद्यालयात शिकणारा रेवण तालुक्याच्या जनावरांच्या प्रदर्शनात आपला खोंड घेऊन उभा होता. गट आदत खोंडांचा, म्हणजे ज्यांचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत त्यांचा. रेवणनं वासरू असल्यापासून त्याला वाढवलं होतं आणि पहिला नंबर त्याचाच, असं सगळे म्हणत होते.

तेवढ्यात प्रदर्शन समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब आपला थोराड वळू घेऊन त्याच रांगेत शिरले. परीक्षक दात बघायला वाकले, तसे आप्पासाहेब गुरकावले, "माझ्या शब्दावर भरवसा नाही का? आदत आहे म्हणून लिहा."

परीक्षकांनी दात न बघताच पेन काढलं.

रेवण हळूच म्हणाला, "आप्पासाहेब, जनावर देखणं आहे. याची पैदास कशी आहे?"

आप्पासाहेब खुलले. "अरे, समोर चार दातांच्या गटात पहिला आलाय ना, तो याचाच मुलगा."

"मग मुलाचे दुधाचे पडून चार पक्के दात आले आणि बापाचे अजून दुधाचेच आहेत, हे परीक्षकांनी कसं लिहायचं, तेवढं सांगा."

मांडवभर हशा पिकला. आप्पासाहेबांनी कासरा ओढला आणि वळू मोठ्या वळूंच्या रांगेत नेऊन बांधला.