बदललेले भाते

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याच्या बाणाला चुकणे ठाऊकच नव्हते. हे मी म्हणत नाही, त्याचे दरबारी म्हणत. आणि ऐकून ऐकून राजालाही ते खरे वाटू लागले होते. राजाचे नाव सुकेतू. त्याला कोदंड नावाचा एक जिवलग मित्र होता. दोघे एकाच गुरूपाशी धनुर्विद्या शिकले, एका ताटात जेवले.

मागल्या दसऱ्याला भर मैदानात दोघांची नेमबाजी लागली. कोदंडाचा बाण जवभर हुकला. राजा हसला आणि साऱ्या दरबारादेखत म्हणाला, याच्या हातात कोणी बांगड्या भरा रे. त्याच्या लेखी ती थट्टा होती, पण मैदानभर हशा पिकला. कोदंड मान खाली घालून निघून गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाची एकुलती एक मुलगी केतकी बागेत फुले वेचता वेचता दगडाची झाली. आठ वर्षांची, आईविना वाढलेली पोर. हातात परडी, ओठ अर्धवट उघडे, तशीच उभी. वैद्य झाले, मंत्रतंत्र झाले, नवससायास झाले. दगड काही हलला नाही. राजा रोज बागेत जाई, लेकीकडे पाहत उभा राही आणि आल्या पावली परते.

वर्ष सरले. दसरा उजाडला तेव्हा एक भारद्वाज पक्षी राजाच्या खिडकीत येऊन बसला आणि बोलू लागला.

"राजा, तुझी मुलगी दुर्मुख मांत्रिकाच्या शापाने दगड झाली आहे. त्याच्या रानात तीन लक्ष्ये आहेत. ती फक्त दसऱ्याला दिसतात. आज सूर्य मावळायच्या आत तिन्हींचा वेध तुझ्या हातून झाला, तर ती उठेल. नाही तर ती कायमची दगड झाली."

राजाने तडक घोडा मागवला. वेशीपाशी येतो तर काय, पाठीला भाता लावून कोदंड उभा. वाळून काटकी झालेला. कुठे होतास, कसा होतास, हे काही न विचारता राजाने त्याला मिठी मारली. मी बरोबर येतो, एवढेच कोदंड बोलला. मग त्याने जुन्या रिवाजाप्रमाणे आपला भाता काढून राजाच्या हाती दिला आणि राजाचा स्वतः घेतला. दोघे मित्र शिकारीला निघाले की त्या देशात भाते बदलत. मी तुझ्या बाणाने मारीन ते तुझे, तू माझ्या बाणाने मारशील ते माझे. बाण कुणाचा ते पिसांवरून कळे. राजाची पिसे बगळ्याची, पांढरी. कोदंडाची घारीची, तपकिरी.

भारद्वाज पुढे, घोडे मागे. रानाच्या तोंडाशीच एक वठलेला पळस होता, आणि त्याच्या शेंड्यावर एक पितळी फळ गरगर फिरत होते. राजाने तपकिरी पिसांचा बाण लावला आणि सोडला. फळ दुभंगून खाली पडले. राजाने हसून मागे पाहिले, तर कोदंडाच्या मनगटातून रक्त ठिबकत होते. काटा लागला, असे तो म्हणाला. राजाला ते पटले.

पुढे एक रानडुक्कर आडवे धावले. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते आणि त्याला सावली नव्हती. राजाने घोडा फेकला, धावत्या घोड्यावरून नेम धरला आणि डुकराचा खांदा फोडला. डुक्कर धूर होऊन विरले. त्याच क्षणी कोदंड घोड्यावरून कोसळला. त्याचा खांदा फाटला होता, आणि जखमेत बाण नव्हता.

राजाने घोडा थांबवला. त्याने भारद्वाजाकडे पाहिले.

"या रानाचा नियमच आहे," भारद्वाज म्हणाला. "बाण ज्याचा, जखम त्याची."

"मग आधी का सांगितले नाहीस?"

"तू विचारले नाहीस. शिवाय ज्याला ठाऊक होते तो तुझ्या शेजारीच होता."

राजा धावला, मित्राच्या पाठीवरचा आपला भाता ओढू लागला. कोदंडाने तो घट्ट धरून ठेवला.

"सुकेतू, हा शाप मीच मागितला," तो म्हणाला. "मैदानातून निघालो तो थेट दुर्मुखाकडे गेलो. म्हटले, राजाला जे सर्वांत प्रिय असेल त्याचा दगड होऊ दे. मला वाटले, तुझ्या धनुष्याचा होईल."

राजाच्या पायांखालची जमीन सरकली.  त्याचा हात तलवारीच्या मुठीवर गेला आणि तिथेच राहिला. ज्याला त्याने सकाळी मिठी मारली होती, त्यानेच त्याची पोर दगड केली होती. आणि राजाने स्वतःला तरी काय म्हणावे, ज्याचे सर्वांत प्रिय काय हे त्याच्या जिवलगालाही कळले नव्हते?

सूर्य कलला होता. कसाबसा कोदंडाला उठवून राजा भारद्वाजामागून एका तळ्यापाशी आला. पाण्यावर एक काळवीट उभे होते, पाण्यावर म्हणजे अगदी वरच, आणि त्याच्या छातीतले काळीज बाहेरून लाल दिसत होते. तिसरा वेध तिथे घ्यायचा होता.

"मार," कोदंड म्हणाला. "मी त्यासाठीच आलो आहे."

राजाने तपकिरी बाण कानापर्यंत ओढला. खरे सांगतो, तो सोडणार होता. रागही होता आणि लेकही होती. पण ती तपकिरी पिसे त्याच्या कानाला लागली. राजाने धनुष्य खाली केले.

"पक्ष्या," त्याने विचारले, "बाण दोघांचा असला तर?"

भारद्वाजाने मान वाकडी केली. "असे आजवर कुणी विचारलेले नाही."

राजाने कोदंडाजवळचा एक पांढरा बाण घेतला, त्याची पिसे उपटली, आणि तपकिरी बाणाची अर्धी पिसे काढून त्या जागी दोऱ्याने बांधली. अरे, दोघेही मरू, असे कोदंड म्हणत होता. आज तू बोलू नकोस, असे राजाने त्याला बजावले आणि बाण सोडला.

काळवीट बुडाले. दोघे मित्र छाती धरून काठावर पडले. जखमा होत्या, पण अर्ध्याच. काळजाच्या अलीकडे थांबलेल्या. भारद्वाज उडून गेला, रानातली झाडे साध्या झाडांसारखी हलू लागली आणि तळ्यापलीकडे दुर्मुखाची गुहा होती, ती ढासळून सपाट झाली.

तिन्हीसांजेला दोघे एकमेकांना धरून राजवाड्याच्या बागेत शिरले. केतकी धावत येत होती. राजाने हात पसरले. ती त्याच्या हातांखालून पुढे गेली आणि कोदंडाला बिलगली.

"बाबा, माळीकाकांना काय लागले?"

कोणते माळीकाका, असे राजाने विचारले. मग ती सांगू लागली, की दगडात असताना तिला सारे दिसे आणि ऐकू येई. हे काका रोज पहाटे तिच्या अंगावरची धूळ पुसत, तिला पाणी घालत, आणि क्षमा कर म्हणत.

"वर्षभर इथेच माळी होऊन होतास?" राजाने विचारले. "मी रोज येत होतो. सांगितले का नाहीस?"

"रोज ठरवायचो," कोदंड म्हणाला. "आज याने माझ्याकडे एकदा पाहिले की सांगीन, म्हणायचो. तू एकदाही पाहिले नाहीस."

 राजा बागेतल्या मातीत खाली बसला, आपला शेला फाडला, आणि मित्राच्या तोंडाकडे पाहत त्याची जखम बांधू लागला.