तेलमाड आणि पोकळ बेहडा

वाघ झाडांची परवानगी घेऊन शिकारीला जात, त्या काळची ही गोष्ट.

एका रानात दूरदेशीचा तेलमाड राहायला आला. त्याची लाल फळं दाबली की तेल निघायचं, म्हणून सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग तो हळूच म्हणाला, "जरा सरकता का? माझी पोरंबाळं यायची आहेत."

तेलाच्या आशेने हत्तींनी जांभूळ पाडलं, साग पाडला. शेवटी म्हातारा बेहडा उरला. तेलमाडाने नाक मुरडलं. "याला ना तेल, ना रूप. आतून तर नुसता पोकळ! पाडा."

बेहडाही गेला. जिकडेतिकडे तेलमाडच तेलमाड झाले आणि उंदरांची चंगळ झाली. फळं खाऊन ते इतके तेलकट झाले, की घसरत खाली यायचे आणि खिदळत पुन्हा चढायचे.

रडकुंडीला आलेल्या तेलमाडाने डोंगरापलीकडून घुबडीणबाईंना बोलावलं. "बाई, इथेच राहा आणि हे उंदीर खा!"

घुबडीणबाईंनी मान गर्रकन फिरवून रान पाहिलं. "उंदीर छान गुबगुबीत आहेत हो. पण आम्ही ढोलीत राहणारी माणसं. एखादं पोकळ झाड आहे का तुमच्याकडे?"

वरून एक उंदीर ओरडला, "होतं की! यांनीच पाडायला लावलं!"

घुबडीणबाई उडून गेल्या.

आता तेलमाडाशेजारी बेहड्याचं एक रोप वाढतंय. त्याला ऊन मिळावं म्हणून तेलमाड आपल्या झावळ्या आवरून धरतो आणि रोज सकाळी वाकून विचारतो, "काय रे बाळा, झालास का पोकळ?"