ओसरीवरची मुकी बटणं

खाडीकाठच्या एका गावात प्रणिता तांडेल नावाची तरुणी राहत होती. ती तालुक्याच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. घरात आई आणि धाकटा भाऊ हर्षल.

हर्षल मासेमारीच्या होडीवर काम करायचा. एकदा इंजिनाचा स्फोट झाला आणि त्यात त्याचे डोळे गेले. जीव वाचला, पण माणसं तुटली. त्याचे सगळे मित्र ‘ओसरी’ नावाच्या वेबसाइटवर भेटायचे. कोणाच्या जाळ्यात काय आलं, कोणाचं लग्न ठरलं, सगळं तिथेच कळायचं. हर्षलच्या कॉम्प्युटरवर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज होता. पण ओसरीवरची बटणं नुसत्या चित्रांची. चित्राला नाव नाही, तर आवाज वाचणार काय? प्रत्येक ठिकाणी तो एवढंच म्हणायचा, “बटण.”

एका मित्राच्या मुलीचं बारसं झालं तेव्हा हर्षलने कौतुकाचे दोन शब्द लिहायला म्हणून एक बटण दाबलं. ते नेमकं मैत्री तोडण्याचं निघालं. मित्राचा गैरसमज झाला. त्यानंतर हर्षलने कॉम्प्युटरला हात लावला नाही. जेवणाचं ताटही तो खोलीतच मागू लागला.

ओसरी कोणा एका मालकाची नव्हती. तिचा कोड सगळ्यांसाठी खुला होता. कोणीही तो घरी उतरवून घ्यावा, चालवून पाहावा, सुधारावा आणि परत पाठवावा. प्रणिताने हे वाचलं होतं, केलं कधी नव्हतं. भावाचं ताट खोलीत नेऊन ठेवताना तिने ठरवलं की आता करायचंच.

लोकांना पडद्यावर दिसणारा ओसरीचा दर्शनी भाग तिने आपल्या कॉम्प्युटरवर उतरवला. सूचना वाचत एकेक गोष्ट बसवली. चालू करून पाहिलं तर पान कोरं! पुन्हा सगळं केलं, तरी कोरंच. शेवटी तिने ओसरीवर काम करणाऱ्यांच्या गटात अडचण लिहिली. मदुराईची सेल्वी या दर्शनी भागाची देखरेख करायची. तिने विचारपूस केली आणि सांगितलं, “तुम्ही बसवलेला एक भाग जुना आहे. नवा घ्या.” नवा घेतला आणि पान उघडलं. प्रणिताने आईला हाक मारून ते दाखवलं. आईला त्यातलं काही कळलं नाही, पण लेक हसतेय हे बघून तीही हसली.

मग प्रणिताने प्रत्येक चित्राला नाव दिलं. ‘उत्तर द्या’, ‘पाठवा’, ‘मैत्री थांबवा’. माणसं ओसरीचीच, फक्त आत जायचं पान तिने सुधारलेलं. ते भावासमोर ठेवून ती म्हणाली, “बस इथे. नुसतं ऐक.”

हर्षलने ऐकलं आणि मित्राला लिहिलं, “मी आहे रे. त्या दिवशी चुकून झालं.”

मित्राचं उत्तर लगेच आलं, “अरे वेड्या, इतके दिवस कुठे होतास?” त्या दिवशी हर्षल स्वयंपाकघरात येऊन जेवला.

प्रणिताने आपलं काम सेल्वीकडे पाठवलं. वाटलं, आता शाबासकी येईल. सेल्वीचं उत्तर आलं, “काम चांगलं आहे. पण नावं थेट मराठीत लिहिली आहेत. अशीच घेतली तर आमच्या तमिळ माणसालाही मराठीच ऐकू येईल. नावं भाषांतराच्या फाइलमध्ये हलवा, म्हणजे ज्याला त्याला आपल्या भाषेत देता येतील. शिवाय फोटो मोठा करून उघडला की माउसशिवाय, नुसत्या कीबोर्डने त्यातून बाहेर पडता येत नाही. तेही पाहाल का?”

प्रणिताला वाईट वाटलं. एवढं राबून वर चुकाच दाखवायच्या? आई म्हणाली, “आपल्या पोराचं भागलं ना? मग झालं तर.” प्रणितालाही ते पटलं. तिने उत्तर पाठवलं नाही.

हर्षलने ओसरीवर आपल्या डोळ्यांबद्दल लिहिलं होतं. ते ऐकून काही दिवसांनी मिरजेच्या नसीम नावाच्या अनोळखी मुलीने हर्षलला लिहिलं, “मलाही दिसत नाही. इथली बटणं मला कळत नाहीत. माझा भाऊ शेजारी बसून सांगतो, तेव्हाच मी लिहू शकते. तुम्ही एकटे कसे लिहिता?”

हर्षलने विचारलं, “ताई, हिला काय सांगू?”

प्रणिता विचार करू लागली. नसीमला आपल्या पानाचा पत्ता देता आला असता. पण नसीमसारखी आणखी किती माणसं असतील? त्यांना पत्ता कोण देणार? ती म्हणाली, “सांग तिला, थोडा धीर धर. तुझ्याकडेही हे येतंय.”

तिने सेल्वीचं उत्तर पुन्हा उघडलं आणि कामाला लागली. सगळी नावं भाषांतराच्या फाइलमध्ये नेली. ती शाळेतून आली की हर्षल शेजारी बसायचा. “इथे अडकलो, ताई. फोटोतून बाहेर येता येत नाही.” ती दुरुस्त करायची, तो पुन्हा तपासायचा. सेल्वीने आणखी दोष काढले. आता प्रणिताला राग आला नाही. प्रत्येक दोषाच्या जागी कोणीतरी अडकून बसलेलं असणार, हे तिला कळत होतं.

अखेर सेल्वीने कळवलं, “घेतलं. आता हे सगळ्यांना मिळेल.” कोणी तमिळ नावं भरली, कोणी बंगाली, कोणी अरबी. आणि एका दुपारी नसीमचे शब्द आले, “आज भाऊ कामावर गेलाय. हे मी एकटीने लिहितेय.” हर्षलने कॉम्प्युटरचा आवाज मोठा करून ते आईला ऐकवलं. आईने लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

पुढे ओसरीवर एक नवी सोय आली. फोटो टाकणाऱ्याला पान विचारू लागलं, ‘यात काय आहे ते लिहाल?’ हर्षलच्या मित्राने नवी होडी घेतली, तिचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘निळी होडी. पुढच्या टोकाला झेंडूची माळ. आत एक जागा हर्षलसाठी रिकामी ठेवली आहे.’

हर्षलने ते वाक्य कितीतरी वेळा ऐकलं. मग विचारलं, “ताई, ही सोयही तूच केलीस?”

“नाही रे,” प्रणिता म्हणाली. “दूर चिली देशातल्या एका बाईंनी. त्या आपल्याला ओळखतही नाहीत.”

तात्पर्य: आपल्या माणसाची अडचण दूर करणं चांगलंच. पण तीच वाट अनोळखी माणसांनाही मोकळी व्हावी म्हणून जो आपल्या चुका ऐकून घेतो आणि पुन्हा कष्ट करतो, त्याचं काम खऱ्या अर्थाने पूर्ण होतं.