पायऱ्यांच्या जागी उतार

फार पूर्वी एका नदीकाठी एक गाव होतं. नदी दर पावसाळ्यात गावाचा थोडा काठ गिळायची. म्हणून राजाने तिथे दगडी बांध घालायला सांगितला.

गावातले तरणे लोक फौजेत गेले होते. उरले होते केस पिकलेले पाथरवट. हात कसलेले, पण गुडघे थकलेले.

दगडाची खाण खोल होती. उभ्या पायऱ्या चढून, डोक्यावरून दगड वर आणावे लागत. मुकादम रायाजी वरून ओरडायचा, "पाय उचला! पावसाच्या आत बांध झाला पाहिजे!" जो मागे पडे, त्याला तो घरी धाडी. त्या भीतीने आपलं दुखणं कुणी बोलून दाखवत नसे.

एके दिवशी सिदोजी पाथरवट पायऱ्यांवरच कोसळला. दगडाखाली त्याचं पाऊल चेचलं.

रायाजी त्याला बघायला गेला. सिदोजी म्हणाला, "चूक माझीच, मुकादम. वय झालं."

त्याची बायको म्हाळसा लेप वाटत होती. तिचा हात थांबला. "वय काय आज झालं? मुकादम, थकलेली माणसं तुम्ही काढता आणि पायऱ्या तशाच ठेवता. एकदा दगड घेऊन चढून तर बघा!"

रायाजीला राग आला. पण दुसऱ्या दिवशी त्याने खरोखर दगड डोक्यावर घेतला. अर्ध्या वाटेतच त्याला दगड खाली ठेवावा लागला. कुणी हसलं नाही. ते त्याला जास्त लागलं.

त्याने काम थांबवलं. राजाचे प्रधान संतापले, "पाऊस तोंडावर आलाय आणि तुम्ही काम बंद ठेवता?"

"आज थांबलो नाही, तर उद्या कामाला माणूस उरणार नाही," रायाजी म्हणाला.

पाथरवटांना विचारून त्याने खाणीतून वळणावळणाचा उतार काढला. दगड आता ओंडक्यांवरून ओढत वर येऊ लागले. घडाईसाठी कमरेइतके ओटे बांधले, म्हणजे वाकायला नको. सिदोजीचं पाऊल काही सरळ झालं नाही. पण तो ओट्याशी बसून पुन्हा छिन्नी चालवू लागला.

पहिला पूर आला, तेव्हा बांध उभा होता.

पुढे तरणे लोक फौजेतून परतले आणि बांध वाढवायच्या कामाला लागले. उतार पाहून हसले, "हा म्हाताऱ्यांचा रस्ता!" पण चारच दिवसांत तेही त्याच रस्त्याने दगड आणू लागले. पायऱ्यांवर गवत उगवलं.

तात्पर्य: कामापायी माणूस मोडू नये, माणसाला झेपेल असं काम वळवून घ्यावं.